जपानी स्वतंत्र चित्रपट शोधून आंतरराष्ट्रीय महोत्सवांपर्यंत कसा न्यावा

जपानमध्ये दरवर्षी साधारणपणे सहाशेहून अधिक देशी चित्रपट चित्रपटगृहांत लागतात. २०१९ मध्ये हा आकडा ६८९ होता. तोहो, तोएई, शोचिकू या मोठ्या कंपन्यांच्या वाट्याला त्यातले थोडेच येतात. उरलेले बहुसंख्य चित्रपट लहान कंपन्यांनी, अभिनयशाळांनी, कधी एकट्या दिग्दर्शकाने पदरमोड करून केलेले असतात आणि कोणत्याही पडद्यापर्यंत न पोहोचलेल्यांची तर मोजदादच होत नाही. परदेशी महोत्सवांसाठी चित्रपट शोधणाऱ्याला म्हणूनच चित्रपटांची वानवा कधी जाणवत नाही. अडचण असते ती वेळ साधण्याची. एखाद्या चित्रपटाचे नाव चार जणांच्या तोंडी होईपर्यंत त्याचे पहिले प्रदर्शन कुठेतरी होऊन गेलेले असते, गाण्यांचे परवाने घ्यायचे राहिलेले असतात आणि हक्क नेमके कोणाकडे आहेत हे दिग्दर्शकालाही सांगता येत नाही. ज्याला या कामात उतरायचे आहे, त्याने चित्रपट पुरा होण्याआधी, निदान रफ कट म्हणजे कच्चे संकलन हाती असतानाच तिथे पोहोचले पाहिजे.

कुठे पाहावे

सुरुवात पिया फिल्म फेस्टिव्हलपासून करावी. १९७७ मध्ये सुरू झालेला हा महोत्सव ‘जिशु एइगा’ म्हणजे स्वतःच्या बळावर केलेल्या चित्रपटांसाठी आहे आणि १९८४ पासून तो निवडक दिग्दर्शकांना पुढचा चित्रपट करण्यासाठी शिष्यवृत्तीही देतो. टोकियोतील क्योबाशी भागात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात सप्टेंबरमध्ये तो भरतो. तिथे केवळ पहिल्या पारितोषिकावर नजर ठेवणे ही नवख्याची चूक होय, कारण त्या चित्रपटाच्या मागे बाकीचे सगळे शोधणारेही लागलेले असतात. योको यामानाका या दिग्दर्शिकेने वयाच्या विशीत, सुमारे अडीच लाख येनांत केलेला ‘आमिको’ २०१७ मध्ये तिथे दाखवला गेला, त्याला प्रेक्षकांचे पारितोषिक मिळाले आणि पुढच्याच फेब्रुवारीत तो बर्लिन महोत्सवाच्या फोरम विभागात होता.

पियाखेरीज सैतामा प्रांतातील कावागुची येथे जुलैत भरणारा स्किप सिटी महोत्सव, वाकायामातील तानाबे-बेंकेई, ओसाका आशियाई चित्रपट महोत्सवाचा इंडी फोरम आणि भय-विज्ञान-विनोदाच्या चाहत्यांचा युबारी हे वर्षभरात फिरून यावेत असे मुक्काम आहेत. चित्रपटशाळांची प्रदर्शने मात्र मला यांपेक्षाही महत्त्वाची वाटतात. टोकियो कला विद्यापीठाचा पदव्युत्तर चित्रपट विभाग २००५ मध्ये योकोहामात सुरू झाला. रयुसुके हामागुची यांचा २००८ मधील ‘पॅशन’ हा तिथला पदवीचा चित्रपट. जपानी शैक्षणिक वर्ष एप्रिल ते मार्च असल्यामुळे अशा शाळांचे पदवीचे चित्रपट हिवाळ्याच्या अखेरीस दाखवले जातात आणि त्या दोन-तीन आठवड्यांत जो शहरात नसतो, त्याला ते पुढे पाहायला मिळतीलच असे नाही.

कार्यशाळांतून निघालेले चित्रपट हा जपानचा खास प्रकार आहे. अभिनय शिकायला आलेल्यांनाच घेऊन चित्रपट केला जातो आणि त्यांच्या शुल्कातून खर्चाचा एक भाग निघतो. शिनइचिरो उएदा यांचा ‘वन कट ऑफ द डेड’ सुमारे तीस लाख येनांत असाच झाला. जून २०१८ मध्ये तो टोकियोतील दोनच चित्रपटगृहांत लागला आणि अखेरीस त्याने तीनशे कोटी येनांहून अधिक कमाई केली. अशा चित्रपटांत सुमार पुष्कळ असतात, कारण प्रत्येक सहभागी व्यक्तीला थोडे तरी काम द्यावे लागते आणि त्याचा भार पटकथेवर पडतो. तरीही कोबे येथील कार्यशाळेतून झालेला, पाच तास सतरा मिनिटांचा ‘हॅपी अवर’ विसरता येत नाही. त्यातील चार मुख्य भूमिका करणाऱ्या, अभिनयाचा फारसा पूर्वानुभव नसलेल्या स्त्रियांना २०१५ मध्ये लोकार्नो महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे पारितोषिक एकत्रितपणे देण्यात आले.

दिग्दर्शकाला गाठण्याची खरी जागा म्हणजे मिनी थिएटर. शिबुयातील युरोस्पेस, शिंजुकूतील के’ज सिनेमा, इकेबुकुरोतील सिनेमा रोसा अशा लहान चित्रपटगृहांत रात्रीच्या खेळानंतर दिग्दर्शक आणि कलाकार पडद्यासमोर उभे राहून चार शब्द बोलतात. मग प्रेक्षक बाहेर पडताना तोच दिग्दर्शक दाराशी उभा राहून प्रत्येकाला वाकून निरोप देतो. भिंतीलगतच्या फळीवर चिराशी नावाची पत्रके रचून ठेवलेली असतात. त्या पत्रकाची मागची बाजू आधी वाचावी, कारण निर्मिती कोणाची, वितरण कोणाचे, ध्वनी कोणाचा हे सगळे तळाशी बारीक अक्षरांत छापलेले असते. वितरक म्हणून दिग्दर्शकाचेच नाव असेल तर हक्क बहुधा मोकळे असतात. व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी द्यावे, चित्रपटातील एखाद्या नेमक्या प्रसंगाबद्दल बोलावे आणि पुढचा चित्रपट कुठवर आला आहे हे विचारावे. हक्कांचा विषय त्या रात्री काढू नये. समोरच्या माणसाला नकार देणे जड जाते, तो ‘विचार करतो’ म्हणतो आणि त्या उत्तराचा अर्थ नाही असाच असतो.

काय निवडावे

परदेशी प्रेक्षकाला समजावे म्हणून जपान समजावून सांगणारा चित्रपट निवडू नये. चेरीचा बहर, चहाचा विधी आणि मंदिराची पायरी ज्यात सुट्या सुट्या येतात, असे चित्रपट महोत्सवांच्या निवड समित्यांनी शेकड्यांनी पाहिलेले असतात. ‘हॅपी अवर’मधली कोबेच्या चार मैत्रिणींची गोष्ट लोकार्नोत पोहोचली ती तपशिलांच्या बळावर.

लांबीकडे मात्र सुरुवातीलाच लक्ष द्यावे. जपानी स्वतंत्र चित्रपट पुष्कळदा पंचेचाळीस ते पंचावन्न मिनिटांचे असतात. देशात त्याने बिघडत नाही, पण परदेशात अशा लांबीला जागा मिळणे अवघड असते, कारण तो लघुपटांच्या गटात बसत नाही आणि पूर्ण लांबीच्या विभागातही मावत नाही. फ्रान्समधील ब्रीव्ह येथे मध्यम लांबीच्या चित्रपटांचा खास महोत्सव आहे, परंतु एका महोत्सवाच्या भरवशावर निर्मिती उभी करता येत नाही. रफ कट पाहतानाच दिग्दर्शकाशी बोलून चित्रपट अर्ध्या तासाच्या आत आणता येईल की सत्तर मिनिटांपर्यंत फुलवता येईल हे ठरवावे. दोन्ही अशक्य असेल आणि चित्रपट खरोखरच उत्तम असेल, तर तो दिग्दर्शकाच्या पुढच्या चित्रपटाची ओळख म्हणून वापरायचा असे मनाशी पक्के करावे.

हक्कांची तपासणी

सहनिर्माता म्हणून चित्रपटात पैसा घालण्यापूर्वी तीन प्रश्नांची उत्तरे लेखी मिळवावीत: चित्रपटाची मालकी कोणाची, संगीताचे परवाने कुठवरचे आणि कलाकारांच्या एजन्सीची संमती कशाकशाला आहे. पदवीचा चित्रपट असेल तर मालकी शाळेची असू शकते, कार्यशाळेचा असेल तर आयोजकांची. थोड्या मोठ्या चित्रपटांत ‘सेइसाकु इइन्काइ’ म्हणजे निर्मिती समिती असते. अनेक कंपन्या मिळून पैसा घालतात, हक्क वाटून घेतात आणि महोत्सवाला चित्रपट पाठवण्यासारख्या साध्या निर्णयालाही सगळ्यांची संमती लागते. कान महोत्सवाचे उत्तर चोवीस तासांत द्यायचे असताना पाच कंपन्यांचे शिक्के गोळा करणे काय असते याची कल्पना कोणीही करू शकतो. सहनिर्माता म्हणून येताना महोत्सवांचा निर्णय एकाच व्यक्तीकडे राहील, हे कलम करारात आधी घालून घ्यावे.

संगीताच्या बाबतीत माझे स्वतःचे हात पोळले आहेत. एका चित्रपटात दोन सहकारी कराओकेच्या खोलीत एक जुने इंग्रजी गाणे जेमतेम चाळीस सेकंद बेसूर गातात, असा प्रसंग होता आणि तो चित्रपटातील सर्वांत जिवंत प्रसंग होता. दुकानाने चित्रीकरणाला परवानगी दिली म्हणजे गाण्याचीही परवानगी मिळाली, असे दिग्दर्शकाने धरून चालले होते आणि मीही विचारले नाही. दुकानाचा परवाना तिथे येऊन गाणाऱ्या गिऱ्हाइकापुरता असतो. परदेशी गाणे चित्रपटात वापरायचे तर जपानमध्ये गाण्याचा प्रकाशक सांगेल ती किंमत द्यावी लागते. तिला ‘साशिने’ म्हणतात. प्रकाशकाचे उत्तर सहा आठवड्यांनी आले, आकडा आमच्या संपूर्ण ध्वनिमिश्रणाच्या खर्चाहून मोठा होता आणि तोवर प्रवेशिकेची तारीख उलटून गेली होती. शेवटी दिग्दर्शकाच्या मित्राने नवे गाणे बांधले, दोघे कलाकार पुन्हा आले आणि प्रसंग पुन्हा चित्रित झाला. पहिल्यासारखा तो झाला नाही.

काम करणाऱ्यांशीही लेखी करार हवेत. ‘ओळखीचे लोक आहेत’ म्हणून तोंडी ठरवण्याची तिथे जुनी रीत आहे, परंतु १ नोव्हेंबर २०२४ पासून लागू झालेल्या फ्रीलान्स कायद्याने कामाच्या अटी लेखी देणे आणि साठ दिवसांच्या आत मोबदला देणे बंधनकारक केले आहे.

पैसा आणि चित्रीकरण

दिग्दर्शकाच्या पहिल्या चित्रपटाला सरकारी मदत क्वचितच मिळते, म्हणून तो बचत, लोकवर्गणी आणि मित्रांच्या श्रमांवर होतो. दुसऱ्या चित्रपटापासून दारे उघडतात. बुन्काचो म्हणजे सांस्कृतिक कार्य विभागाची अनुदाने आहेत. आपल्याप्रमाणेच त्यांचे आर्थिक वर्ष मार्चअखेर संपते, आणि चित्रपटाची पोस्ट-प्रॉडक्शन नेमकी त्याच तारखेशी शर्यत करत असते. २००६ पासून चालणारा एनडीजेसी हा कार्यक्रम नव्या दिग्दर्शकांकडून लघुपट करवून घेतो आणि टोकियो फिल्मेक्स महोत्सवाशी जोडलेले टॅलेंट्स टोकियो हे शिबिर बर्लिनच्या सहकार्याने आशियातील तरुण निर्माते-दिग्दर्शक एकत्र आणते.

चिए हायाकावा यांची वाटचाल या दृष्टीने नीट अभ्यासावी अशी आहे. त्यांच्या ‘नायगारा’ या लघुपटाला २०१४ मध्ये पियाचे पहिले पारितोषिक मिळाले आणि त्याच वर्षी तो कानच्या विद्यार्थी-विभागात निवडला गेला. ‘प्लॅन ७५’ ची कल्पना आधी २०१८ मधील, अनेक दिग्दर्शकांनी मिळून केलेल्या एका चित्रपटातील छोट्या भागाच्या रूपाने आली. पूर्ण लांबीचा चित्रपट जपान, फ्रान्स, फिलिपिन्स आणि कतार यांच्या सहनिर्मितीतून झाला आणि २०२२ मध्ये कानमध्ये त्याला कॅमेरा दोर या पहिल्या चित्रपटासाठीच्या पारितोषिकाचा विशेष उल्लेख मिळाला. पहिल्या लघुपटापासून तिथवर आठ वर्षे गेली. सहनिर्मितीत पैसा येतो तसे बंधनही येते, कारण त्या त्या देशाच्या निधीचा ठरलेला भाग बहुधा तिथेच खर्च करावा लागतो. म्हणून संकलन, ध्वनी किंवा कलर करेक्शन यांपैकी काय बाहेर नेता येईल हे पटकथेच्या टप्प्यावरच ठरवावे.

चित्रीकरणाविषयी थोडक्यात सांगायचे तर स्थानिक फिल्म कमिशनला आधी गाठावे आणि रस्त्यावर काम असेल तर पोलिसांचा रस्ता-वापर परवाना काढावा. चित्रपट-निर्मितीतील कामाच्या अटींसाठी २०२३ पासून चाललेल्या प्रमाणन-पद्धतीत तयारी आणि आवराआवर धरून दिवसाला तेरा तासांची मर्यादा आहे. ती लहान चित्रपटानेही पाळावी. खर्चाचा निदान पाचवा हिस्सा चित्रीकरण संपल्यानंतरच्या कामासाठी वेगळा काढून ठेवावा. स्वतंत्र जपानी चित्रपटांत प्रतिमा बहुतेक वेळा चांगली असते, आणि आवाज मार खातो.

सबटायटल

निवड समिती चित्रपट पाहते ती इंग्रजी सबटायटलमधून, आणि या कामाला सर्वांत कमी पैसे ठेवले जातात. जपानी कळणाऱ्या मराठी माणसाला इथे एक सोय आहे. सकाळी दारात बूट घालताना मुलगा म्हणतो, ‘इत्तेकिमास’. त्याचा अर्थ आपल्या ‘जाऊन येतो’ इतकाच आणि अगदी तसाच आहे. आतून आईचा आवाज येतो, ‘इत्तेराश्शाइ’, म्हणजे ‘जाऊन ये’. आता समजा, चित्रपटाच्या शेवटी तोच मुलगा त्याच दारात नुसते ‘इकु’ म्हणतो, म्हणजे ‘जातो’. ‘जातो’ म्हणू नये, ‘येतो’ म्हणावे, हे ज्या घरांत शिकवले जाते तिथल्या माणसाच्या पोटात त्या एका शब्दाने गोळा येईल. घाईत केलेल्या सबटायटलमध्ये दोन्ही ठिकाणी ‘आयॅम ऑफ’ असते आणि चित्रपटाचा शेवट हरवतो. उपाय साधा आहे: पहिल्या प्रसंगी ‘सी यू लेटर’ आणि शेवटी ‘आयॅम गोइंग’, आणि हा फरक संपूर्ण चित्रपटभर कटाक्षाने सांभाळायचा.

आदरार्थी भाषेचेही तसेच आहे. एखादे पात्र ‘तुम्ही’वरून ‘तू’वर येते तो क्षण मराठीत सहज उतरतो, इंग्रजीत तो आडनावाऐवजी पहिले नाव वापरून किंवा वाक्य तोडून दाखवावा लागतो. ‘ओत्सुकारेसामा’ हा कामावरून सुटताना एकमेकांना म्हणायचा शब्द प्रत्येक वेळी ‘गुड वर्क’ असा उतरवला, तर पात्रे कवायत केल्यासारखी बोलू लागतात. तिथे कधी ‘गुड नाइट’, कधी काहीच नको. भाषांतर झाल्यावर जपानी अजिबात न येणाऱ्या, इंग्रजी मातृभाषा असलेल्या माणसाला चित्रपट दाखवावा आणि तो जिथे अडखळेल तिथे खूण करावी. एका वेळी दोन ओळी, ओळीत साधारण बेचाळीस अक्षरे ही मर्यादा धरावी. फोनवरचे संदेश, पत्रे आणि पाट्या यांचे सबटायटल संवादावर आदळणार नाही असे वेळेत बसवावे, आणि बर्फातल्या प्रसंगात पांढऱ्या अक्षरांना काळी कड द्यावी.

पहिले प्रदर्शन कुठे

चित्रपटाचा जागतिक प्रीमियर एकदाच होतो. मायदेशाबाहेरचे पहिले प्रदर्शन म्हणजे आंतरराष्ट्रीय प्रीमियर, तोही एकदाच. व्हेनिसची मुख्य स्पर्धा जागतिक प्रीमियर मागते. बर्लिनमध्ये मायदेशातील प्रदर्शन चालू शकते, हे ‘आमिको’च्या वाटेवरून दिसतेच. म्हणजे पियासारख्या देशी महोत्सवात चित्रपट दाखवल्याने सगळी दारे बंद होत नाहीत, पण काही होतात, आणि कोणती ते आधी माहीत हवे. देशी महोत्सव ऑनलाइन दाखवणार असेल तर ते देशापुरतेच मर्यादित आहे ना, हे विचारून घ्यावे.

दिनदर्शिका उलट बाजूने मांडावी. रॉटरडॅम जानेवारीच्या अखेरीस, बर्लिन फेब्रुवारीत, कान मे महिन्यात, लोकार्नो ऑगस्टमध्ये आणि व्हेनिस ऑगस्टअखेर सुरू होते. प्रवेशिका काही महिने आधी बंद होतात. जपानी चित्रपटांनाच वाहिलेले महोत्सव वेगळे: फ्रँकफर्टचा २००० पासूनचा निप्पॉन कनेक्शन, न्यूयॉर्कचा २००७ पासूनचा जपान कट्स, रॉटरडॅमचा कॅमेरा जपान. तिथला प्रेक्षक जाणकार आहे आणि स्वागत मनापासून होते, त्यामुळे नव्या दिग्दर्शकाला पहिले आमंत्रण आले की होकार देण्याचा मोह आवरत नाही. पण तिथे आधी गेलेला चित्रपट लोकार्नोसाठी जुना होतो. मोठे दोन किंवा तीन महोत्सव ठरवून त्यांची उत्तरे येईपर्यंत थांबावे, नकार आले की लगेच या महोत्सवांकडे वळावे, आणि एकूण वाट वर्षभरापेक्षा जास्त पाहू नये. रंजक, लोकांना हसवणारा किंवा घाबरवणारा चित्रपट असेल तर इटलीतील उदिनेचा फार ईस्ट महोत्सव त्याच्यासाठी कानहून अधिक योग्य असू शकतो.

पन्नास महोत्सवांना शुल्क भरून प्रवेशिका पाठवण्यापेक्षा पाच प्रोग्रॅमरना म्हणजे महोत्सवांसाठी चित्रपट निवडणाऱ्यांना नेमके पत्र लिहिणे बरे. ऑक्टोबरच्या अखेरीस टोकियो आंतरराष्ट्रीय महोत्सव आणि त्याला जोडलेला टिफकॉम बाजार भरतो, त्या सुमारास त्यांच्यातील बरेच जण शहरात असतात. पत्रात आठ-दहा ओळी, एक चांगले छायाचित्र आणि पासवर्डसह स्क्रीनरचा म्हणजे ऑनलाइन पाहायच्या प्रतीचा दुवा असावा. तो दुवा शेवटपर्यंत बदलू नये.

निवड झाल्यावर डीसीपी म्हणजे चित्रपटगृहात दाखवायची डिजिटल प्रत करताना एक तांत्रिक गोष्ट तपासावी: जपानमध्ये पुष्कळ चित्रपट सेकंदाला २३.९७६ चौकटींनी चित्रित होतात आणि डीसीपी २४ चौकटींचा असतो. रूपांतर नीट झाले नाही तर चित्रपटाच्या उत्तरार्धात ओठ आणि आवाज वेगळे होतात. पूर्ण प्रत एकदा खऱ्या पडद्यावर पाहिल्याशिवाय पाठवू नये.

युरोपातील फेरी झाल्यावर भारताचा विचार करावा. पुण्याचा आंतरराष्ट्रीय महोत्सव जानेवारीच्या सुमारास आणि गोव्याचा इफ्फी नोव्हेंबरमध्ये असतो. पुण्यात जपानी शिकणाऱ्यांची मोठी परंपरा असल्याने तिथे प्रश्नोत्तरांना नुसते कौतुक नव्हे, तर संवादांवरचे प्रश्न येतात. इंग्रजी सबटायटल असलेली तीच प्रत इथे चालते. परदेशी चित्रपट महोत्सवात सेन्सॉर प्रमाणपत्राशिवाय दाखवण्यासाठी माहिती व प्रसारण मंत्रालयाची सूट लागते. तिचा अर्ज महोत्सव करतो, पण कथासार, लांबी आणि श्रेयनामावली निर्मात्याने द्यायची असते, आणि ती मागितल्याच्या दिवशी इंग्रजीत तयार असली पाहिजे.